‘जुळ्याचा मेंढा’ खरा कोणता? अंगावरून कळत नाही, जनुकाच्या तपासणीत कळतं

बाजारात मेंढा विकताना एक वाक्य हमखास कानावर येतं, "जुळ्याचा आहे, डोळे झाकून न्या." एवढ्या एका शब्दावर भाव चढतो. घेणारा मेंढपाळ उंची बघतो, पाठीची लांबी बघतो, दात बघतो आणि पैसे मोजतो. पण त्या मेंढ्यात जुळं देण्याचा गुण आहे की नाही, हे यातल्या कशावरूनच कळत नाही. कारण साधं आहे. मेंढा स्वतः कधी वीत नाही. गुण त्याच्या अंगात असला तरी तो दिसणार त्याच्या मुलींमध्ये, आणि तेसुद्धा त्या व्याल्यावर.

हिशेब करून बघा. मेंढा कळपात सोडला, मेंढ्या गाभण राहिल्या, पाच महिन्यांनी कोकरं झाली. त्यातल्या माद्या मोठ्या होऊन पहिल्यांदा विणार, त्याला आणखी दीड-दोन वर्षं. म्हणजे घेतलेला मेंढा खरा की खोटा हे कळायला दोन-अडीच वर्षं जातात. तोवर निम्म्या कळपात त्याचंच रक्त उतरलेलं असतं. खोटा निघाला तर पैसे गेलेच, वर दोन वर्षंही गेली.

हे वाट बघणं संपवणारी गोष्ट म्हणजे जनुकांचा नकाशा. शब्द मोठा वाटतो, पण त्याचा उपयोग कसा होतो याचं चांगलं उदाहरण सातारा जिल्ह्यातच, फलटणला आहे. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नारी’ने, याच नकाशाच्या आधारावर जुळी देणाऱ्या मेंढ्यांची ‘नारी सुवर्णा’ ही जात तयार केली. ती कशी झाली हे कळलं, की बाजारात मेंढा घेताना नेमकं काय विचारायचं हेही कळतं.

जनुक म्हणजे काय?

प्रत्येक जनावराच्या शरीरात बारीक बारीक पेशी असतात. पेशीच्या आत दोऱ्यासारखी गुणसूत्रं असतात. माणसात त्यांच्या २३ जोड्या, मेंढीत २७ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र आईकडून येतं, एक बापाकडून.

या गुणसूत्रांवर डीएनएच्या भाषेत सगळी माहिती लिहिलेली असते. त्या भाषेत अक्षरं फक्त चार. पण मेंढीच्या पेशीतला मजकूर अडीचशे कोटी अक्षरांपेक्षाही मोठा आहे. त्या मजकुरातला एखादं ठरावीक काम सांगणारा तुकडा म्हणजे जनुक, इंग्रजी शब्दात जीन. लोकरीचा रंग, शिंगं, वाढ, दूध या सगळ्यांमागे जनुकं असतात.

गुणसूत्रं जोडीने असल्यामुळे जवळपास प्रत्येक जनुकाच्याही दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. पिल्लाला देताना मात्र आई आपल्या दोनपैकी एकच प्रत देते आणि बापही एकच. कोणती जाणार हे नशिबावर, नाणं उडवल्यासारखं. आनुवंशिकतेचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे. तो सगळ्यात आधी मांडला ग्रेगोर मेंडेल यांनी, वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून. त्यांचा निबंध १८६६ साली छापला गेला.

नकाशा कसा काढतात?

अडीचशे कोटी अक्षरांत एखादं जनुक नेमकं कुठे आहे, हे शोधायचं कसं? त्यासाठी एक युक्ती आहे.

आषाढी वारीत लांबलचक दिंडी चालली आहे, असं समजा. मध्येच रेल्वेचं फाटक पडलं. दिंडीचे दोन तुकडे झाले. कोण कोणापासून तुटेल? पुढचा झेंडेकरी आणि अगदी शेवटचा वारकरी यांची ताटातूट होणारच. पण एकमेकांना चिकटून चालणाऱ्या दोघांच्या बरोबर मध्येच फाटक पडेल, असं क्वचित होतं.

गुणसूत्रांचंही असंच आहे. मादीचं बीज आणि नराचं वीर्य तयार होताना जोडीतली दोन गुणसूत्रं काही ठिकाणी तुटतात आणि एकमेकांशी तुकडे बदलतात. जी दोन जनुकं जवळजवळ असतात ती बहुतेक वेळा एकत्रच पुढच्या पिढीत जातात. जी लांब असतात त्यांची ताटातूट जास्त वेळा होते. म्हणजे किती पिल्लांत ताटातूट झाली हे मोजलं, की दोन जनुकांमधलं अंतर काढता येतं.

ही युक्ती सुचली अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातल्या आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या विद्यार्थ्याला. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या बारीक माशीवर तिथे प्रयोग चालू होते. स्टर्टेव्हंट यांनी त्या माशीच्या एका गुणसूत्रावरची जनुकं ओळीने मांडली आणि तो नकाशा १९१३ साली छापला. जगातला तो पहिला जनुकांचा नकाशा.

पुढे जनुकांबरोबर डीएनएवरच्या इतर खुणाही सापडत गेल्या. जमिनीच्या मोजणीत हद्दीचे दगड असतात तशा या खुणा. एखादा गुण ज्या खुणेबरोबर पिढ्यान् पिढ्या सोबत येतो, त्या खुणेच्या आसपासच त्या गुणाचं जनुक असणार, असं धरून शोध पुढे सरकतो.

ऑस्ट्रेलियातला कळप आणि बंगालची मेंढी

ऑस्ट्रेलियात ‘बुरूला’ नावाच्या एका फार्मवर मेरिनो मेंढ्यांचा एक वेगळाच कळप होता. मेरिनो मेंढीला साधारण एक, फार तर दोन कोकरं होतात. पण या कळपात तिळी, कधी त्याहूनही जास्त कोकरं होत. फार्मच्या मालक भावांनी जास्त कोकरं देणाऱ्या मेंढ्या वर्षानुवर्षं निवडून ठेवल्या होत्या. पुढे तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने या मेंढ्यांचा अभ्यास केला. १९८०च्या दशकात स्पष्ट झालं, की यामागे पुष्कळ जनुकांचा खेळ नाही, एकच मोठं जनुक आहे. त्याला ‘फेक-बी’ हे नाव पडलं.

जनुक आहे हे कळलं, पण कुठे आहे हे माहीत नव्हतं. १९९०च्या दशकात न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी वर सांगितलेल्या खुणांच्या पद्धतीने ते मेंढीच्या ६ व्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असल्याचं शोधलं. २००१ साली तीन वेगवेगळ्या गटांनी नेमकी जागा पकडली. एका जनुकात फक्त एक अक्षर बदललेलं होतं. अडीचशे कोटींमधलं एक. त्या बदलामुळे मेंढीच्या अंडाशयात एका वेळी एकापेक्षा जास्त बीजं पक्व होतात, म्हणून जुळी-तिळी होतात.

हे अक्षर ऑस्ट्रेलियात आलं कुठून? १७९०च्या दशकात कलकत्त्याहून जहाजाने बंगालच्या मेंढ्या ऑस्ट्रेलियात गेल्याच्या नोंदी आहेत. बंगालच्या सुंदरबनात ‘गारोळ’ नावाची लहानखुरी मेंढी आहे. तिला जुळी-तिळी होणं नेहमीचं. तिचा डीएनए तपासला तेव्हा तोच अक्षरबदल, त्याच जागी सापडला. म्हणजे ऑस्ट्रेलियात गाजलेल्या गुणाचं मूळ आपल्याच देशातल्या एका साध्या मेंढीत असावं, असं शास्त्रज्ञ मानतात.

फलटणला काय केलं?

आपल्याकडची दख्खनी मेंढी काटक. उन्हाळा काढते, मैलोन् मैल चालते, मिळेल त्यावर जगते. पण वेताला बहुतेक एकच कोकरू. मेंढपाळाचं उत्पन्न कोकरू विकण्यावर, म्हणजे कमाईला तिथेच मर्यादा पडते.

गारोळ मेंढीचं उलटं. कोकरं जास्त, पण अंग अगदी छोटं. प्रौढ मेंढी जेमतेम १२-१५ किलोची. दख्खनी मेंढी साधारण तिच्या दुप्पट. सरळ संकर करून सोडून दिला तर जुळी मिळतील, पण कोकरं बारकी निघतील आणि बाजारात भाव पडेल.

म्हणून ‘नारी’ने वेगळा मार्ग धरला. ऑस्ट्रेलियाचं कृषी संशोधन केंद्र, तिथली विद्यापीठं आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांच्याबरोबर हे काम झालं. गारोळ आणि लोणंद भागातल्या दख्खनी मेंढ्यांचा संकर केला. पहिल्या पिढीत रक्त निम्मं गारोळ. ते पुन्हा दख्खनीकडे फळवलं, गारोळ रक्त पाव हिस्सा. पुन्हा फळवलं, आठवा हिस्सा. प्रत्येक पिढीत अंग दख्खनीसारखं होत गेलं.

पण यात एक मोठी अडचण होती. दर वेळी दख्खनीकडे फळवलं, की निम्म्याच कोकरांत जुळ्याचं जनुक उतरतं. बाकी निम्म्यांत ते गळून जातं. कोणत्या कोकरात राहिलं आणि कोणत्यातून गेलं, हे बाहेरून दिसत नाही. मेंढ्यांत तर मुळीच दिसत नाही. इथे नकाशा कामाला आला. जागा माहीत, बदललेलं अक्षर माहीत. मग कोकराचं थोडं रक्त घ्यायचं, तेवढी एकच जागा वाचायची, आणि जनुक असलेली कोकरं पुढच्या पैदाशीला ठेवायची. लहान वयातच निकाल. दोन-अडीच वर्षांची वाट बघणं संपलं.

पुढे इतर जातींचंही रक्त मिसळून ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. या जनुकाच्या मेंढ्या आणि मेंढे भागातल्या मेंढपाळांच्या कळपांत देऊन तिथे कसं चालतं, याच्याही नोंदी ठेवल्या गेल्या. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी संशोधन संस्थेनेही हेच जनुक वापरून ‘अविशान’ ही जात काढली आहे.

एक प्रत की दोन प्रती? सगळा हिशेब इथे

मेंढा घेताना ‘जनुक आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. किती प्रती आहेत हे विचारावं लागतं. कारण सरळ गणित आहे :

• मेंढ्यात दोन्ही प्रती जुळ्याच्या आणि मेंढ्या साध्या : सगळ्याच कोकरांत एक-एक प्रत येणार. सगळ्या मुली जुळ्याच्या गुणाच्या.

• मेंढ्यात एकच प्रत आणि मेंढ्या साध्या : सरासरी निम्म्या कोकरांत गुण येणार, निम्म्यांत नाही.

• मेंढ्यातही एक प्रत, मेंढीतही एक : चार कोकरांत सरासरी एक दोन प्रतींचं, दोन एका प्रतीची, एक साधं.

• मेंढ्यात एकही प्रत नाही : मेंढ्या साध्या असतील, तर कितीही वर्षं ठेवला तरी या जनुकाची जुळी मिळणार नाहीत.

आता बाजारातल्या वाक्याकडे या. "हा जुळ्यातला आहे" याचा अर्थ एवढाच, की तो जन्माला आला तेव्हा त्याला भावंडं होतं. दख्खनी मेंढीलाही चारा-पाणी चांगलं मिळालं, तर एखाद्या वेताला या जनुकाशिवाय जुळं होऊ शकतं. ते चाऱ्याचं जुळं. तसा मेंढा हे जनुक मुलींना देऊ शकत नाही, कारण ते त्याच्याकडेच नाही. उलट, आईत जनुक असूनही एकटाच जन्मलेला मेंढा गुणाचा असू शकतो. एका प्रतीच्या मेंढीला प्रत्येक वेताला जुळंच होतं असं नाही. कधी जुळं, कधी एकच.

जुळं परवडतं का, हे आधी बघा

कोकरं दोन झाली म्हणजे कमाई दुप्पट झाली, असा हिशेब कागदावर बरा दिसतो. वाड्यावर तो तसाच उतरत नाही.

जुळ्यातलं प्रत्येक कोकरू एकट्या कोकरापेक्षा जन्मताना हलकं असतं. आईचं दूध दोघांत वाटलं जातं. गाभणपणाच्या शेवटच्या दीड-दोन महिन्यांत आणि व्याल्यानंतर मेंढीला वरचं खाद्य मिळालं नाही, तर दोन्ही कोकरं अशक्त राहतात, एखादं दगावतं. कायम चालतीवर असलेल्या वाड्यावर, पावसात, दोन दिवसांची दोन कोकरं सांभाळणं हे घरातल्या बाईमाणसांचं वाढीव काम आहे, हेही धरायला हवं.

म्हणून दोन प्रतींच्या माद्या कळपात वाढवणं मेंढपाळाच्या फायद्याचं नाही. त्यांना तिळी किंवा त्याहून जास्त कोकरं होण्याचं प्रमाण वाढतं आणि एवढी कोकरं पाजायला दूध पुरत नाही. कळपासाठी एका प्रतीची मादी बरी. त्यासाठी सोपी पद्धत अशी, की दोन प्रतींचा मेंढा साध्या मेंढ्यांवर वापरायचा. त्याच्या मुली मोठ्या झाल्या, की त्यांच्यावर तोच मेंढा पुन्हा सोडायचा नाही. सोडला तर दोन प्रतींच्या माद्या तयार होतात, आणि बाप-लेकीच्या संकराने दुबळी कोकरं निघण्याचा धोका वेगळा. त्या मुलींना बाहेरचा साधा, अंगाने चांगला मेंढा लावायचा.

जनुक तपासणी म्हणजे बीटी नव्हे

बीटी कापसामुळे ‘जनुक’ शब्द ऐकला की अनेकांना वाटतं, जनावरात बाहेरून काहीतरी घातलं जातं. या कामात तसं काही नाही. नारी सुवर्णा ही मेंढा आणि मेंढी यांच्या नेहमीच्या फळवणीतूनच झाली आहे. प्रयोगशाळेत फक्त रक्तातलं अक्षर वाचलं जातं. सातबारा वाचल्याने जमीन बदलत नाही, तसंच हे.

एका जनुकाने सगळं कळत नाही

जुळ्याचा गुण एकाच मोठ्या जनुकावर आहे, म्हणून तपासणी सोपी. वजन, दूध, रोगाला टिकाव धरणं हे गुण शेकडो-हजारो जागांवर विखुरलेले असतात. प्रत्येक जागेचा वाटा अगदी बारीक. तिथे एक अक्षर वाचून भागत नाही.

त्यासाठी गाई-म्हशींत ‘चिप’ वापरतात. तळहातापेक्षा लहान पट्टीवर एका वेळी डीएनएवरच्या हजारो खुणा वाचल्या जातात. हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेची ‘इंडिगौ’ चिप २०२१ साली आली. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिमच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते देशी गाईंसाठी ‘गौ चिप’ आणि म्हशींसाठी ‘महिष चिप’ जाहीर झाली. वळू लहान असतानाच त्याच्या मुली किती दूध देतील याचा अंदाज बांधणं, हा या चिपचा उद्देश.

पण चिप एकटी काहीच सांगू शकत नाही. कोणत्या खुणा असलेली गाय प्रत्यक्षात किती दूध देते, याची हजारो जनावरांची नोंद आधी लागते. गोठ्यातल्या जनावराच्या कानातला १२ अंकी बिल्ला आणि त्यापुढे लिहिलेलं दुधाचं माप, यावरच तो अंदाज उभा राहतो. नोंद खोटी किंवा अर्धवट असेल तर चिपचा अंदाजही खोटा.

मेंढा घेताना हे विचारा

१. जनुक तपासणीचा लेखी अहवाल आहे का? तोंडी ‘जुळ्याचा’ याला किंमत देऊ नका.

२. अहवालावरचा बिल्ला क्रमांक आणि मेंढ्याच्या कानातला क्रमांक जुळतो का? न जुळणारा अहवाल म्हणजे दुसऱ्याच मेंढ्याचा कागद.

३. प्रती किती, एक की दोन? भाव त्यावर ठरायला हवा. एका प्रतीच्या मेंढ्याला दोन प्रतींचा भाव देऊ नका.

४. अंग, पाय, दात, अंड आणि तब्येत नेहमीसारखी बघाच. अहवाल फक्त जुळ्याचं सांगतो. मेंढा लंगडा आहे की नाही, ते सांगत नाही.

५. वहीत नोंद ठेवा. कोणत्या मेंढ्याची कोणती मुलगी, कोणत्या वेताला किती कोकरं, त्यातली किती जगली. शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण बाजारात जगलेलंच कोकरू विकलं जातं.

ही तपासणी जनावराच्या आयुष्यात एकदाच करावी लागते. जन्माला येताना मिळालेल्या प्रती वयाने, चाऱ्याने किंवा आजाराने बदलत नाहीत. त्यामुळे मेंढा पुढे विकला तरी अहवाल त्याच्याबरोबर द्यावा आणि घेणाऱ्यानेही तो मागून घ्यावा.